पुराचं पाणी जाहिरातीत लिहायचं का?

पत्र थोडक्यात: सांगलीच्या एका शिक्षिकेचं हे पत्र. वय त्रेचाळीस. वडील जाऊन चौदा महिने झाले. त्यांची २०१४ची पेट्रोल वॅगनआर दारात उभी आहे, ६१ हजार किलोमीटर चाललेली. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आणि भाऊ पुण्यात, त्यामुळे गाडी विकायचं ठरलं. ऑगस्ट २०१९च्या पुरात ही गाडी पार्किंगमध्ये अडकली होती. पाणी चाकं बुडवून आतल्या गालिच्यापर्यंत आलं होतं, सीटला लागलं नव्हतं. वडिलांनी ती टोचन करून गॅरेजला नेली, गालिचे बदलले, विम्याचे पैसेही मिळाले. त्यानंतर गाडी कधी अडली नाही. भावाचं म्हणणं, "पुराचा विषयच काढू नकोस. विचारलं तर बघू." जाहिरातीत चार फोटो आणि एक ओळ: "उत्तम कंडिशन, सिंगल हँड, पेपर क्लिअर, फिक्स प्राइस." महिनाभरात सत्तावीस फोन आले, सहा जण बघून गेले, घेतली कोणीच नाही. "तिघांनी विचारलं, पुरातली आहे का? भावाने सांगितलं तसं मी म्हणाले, नाही हो, गाडी वर लावली होती. माझ्या तोंडावर दिसलं असावं. शेवटचे गृहस्थ काही न बोलता चप्पल घालून निघून गेले. आता खरं लिहू का? किंमत पाडू का? की डीलरला देऊन मोकळी होऊ?"

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, ते म्हणजे चप्पल घालून निघून गेलेल्या गृहस्थांचं. किंमत जास्त वाटली असती तर ते घासाघीस करत बसले असते. सांगली-मिरजेकडचा माणूस भाव न करता उठतो, तेव्हा त्याला गाडी नको असते असं नाही. त्याचा समोरच्यावरचा विश्वास उडालेला असतो. महिनाभरात गिऱ्हाईक का टिकलं नाही, याचं बरंचसं उत्तर मला तिथेच दिसतं.

तुम्ही आणि तुमच्या भावाने एक गोष्ट गृहीत धरली आहे. घेणाऱ्याला निर्दोष गाडी हवी असते, म्हणून दोष दिसला की तो पळणार. अकरा-बारा वर्षं जुनी गाडी बघायला येणारा निर्दोष गाडी शोधत नसतो हो. तो कोण असतो ते डोळ्यांपुढे आणा. बहुतेक वेळा त्याची ही पहिलीच चारचाकी असते. इतक्या जुन्या गाडीवर कर्ज सहसा मिळत नाही, म्हणून पैसे साठवलेले असतात, नाहीतर भिशीतले किंवा सोन्यावर काढलेले. सोबत बायको, एखादा मित्र आणि मित्राच्या ओळखीचा मिस्त्री असतो. दारावर ओरखडा असेल, क्लच थोडा वर लागत असेल, तर त्याचा हिशेब तो मनात करतो, अमुक हजार खर्च म्हणून. ज्याचा हिशेब करता येत नाही, त्याला तो घाबरतो. तुमच्या एका ओळीच्या जाहिरातीत हिशेब करण्यासारखं काहीच नाही. 'उत्तम कंडिशन' सगळेच लिहितात.

हे मी स्वतः भोगलेलं आहे. २०११ मध्ये साताऱ्याकडे मी एक जुनी सँट्रो घेतली. जाहिरातीत 'पेपर क्लिअर' होतं. पैसे दिल्यावर कळलं की आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या दाखल्यावर, बँकेचा बोजा तसाच आहे. कर्ज फिटलं होतं, पण बोजा उतरवायचा पस्तीस नंबरचा फॉर्म आणि बँकेचं पत्र आणायला आधीच्या मालकाला सवड नव्हती. चार महिने मी त्यांच्या घरी खेटे घातले. गाडी उत्तम होती, तरी ते चार महिने मी कधी विसरले नाही. तेव्हापासून 'पेपर क्लिअर' हे दोन शब्द वाचले की मी विचारते, कुठले पेपर?

आपल्याकडचा माणूस जाहिरातीत सगळ्यात आधी पासिंग बघतो. एमएच-१० म्हणजे सांगली, एमएच-०९ कोल्हापूर, एमएच-१२ पुणे. पासिंगवरून गाडी कुठल्या रस्त्यांवर, कुठल्या हवेत फिरली याचा तो अंदाज बांधतो. रत्नागिरी, सिंधुदुर्गाची गाडी म्हटली की खारी हवा आणि खालचा पत्रा आठवतो. दिल्ली पासिंग म्हटलं की तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेली बंदी आठवते, आणि म्हणूनच इकडे आली असेल का, हा प्रश्न पडतो. एमएच-१० आणि एमएच-०९ म्हटलं की पूर आठवतो. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पूर इथल्या लोकांनी अंगावर घेतलेत. २०१९ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची खूण ४५ फुटांवर असताना. हा आकडा इथल्या लहान मुलालाही माहीत आहे. म्हणजे २०१४ची सांगली पासिंगची गाडी बघायला येणारा माणूस पुराचा प्रश्न घरून घेऊनच येतो. तुम्ही विषय काढला नाही म्हणून तो विषय मिटत नाही. फरक एवढाच पडतो की त्याचं उत्तर तो तुमच्या चेहऱ्यावर शोधतो.

आणि गाडीतही शोधतो. सोबतचा मिस्त्री सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतो, कारण बेल्टचा रोज बाहेर न येणारा भाग पाण्यात भिजला असेल तर तिथे मातकट रेघ राहते. डिक्कीतला गालिचा उचलून स्टेपनीखाली हात फिरवतो. सीटचे बोल्ट गंजलेत का ते टॉर्च लावून बघतो. काचा बंद करून दोन मिनिटं आत बसतो आणि वास घेतो. तुमच्या गाडीचे सगळे गालिचे एकदम बदललेले आहेत. त्याचा अर्थ जाणत्या माणसाला न सांगता कळतो. शिवाय काम अधिकृत सर्व्हिस सेंटरला झालं असेल तर त्याची नोंद तिथल्या संगणकात असणार, आणि हल्ली लोक ती काढून घेतात.

भावाला आणखी एक गोष्ट सांगा. न बोलणं वेगळं आणि विचारल्यावर 'गाडी वर लावली होती' म्हणणं वेगळं. १८७२च्या करार कायद्यात माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवणं फसवणुकीत धरलं आहे, आणि तसा व्यवहार समोरच्याला रद्द करून मागता येतो. दादा पुण्यात आहेत. घेणारा मात्र बहुधा तुमच्याच गावातला, तुमच्या शाळेत मुलं घालणारा निघेल.

आता पुराबद्दल, कारण खरी माहिती तुमच्या बाजूची आहे आणि तुम्ही तीच लपवत आहात. पुरातली गाडी असा एकच प्रकार नसतो. डॅशबोर्डपर्यंत पाणी चढलेली गाडी आणि गालिचा भिजलेली गाडी यांत फार अंतर आहे. इंजिनचं सगळ्यात मोठं नुकसान बरेचदा पाणी उतरल्यावर होतं, मालक घाईघाईने चावी फिरवतो तेव्हा. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. तुम्ही पत्रासोबत वडिलांच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला आहे. निळ्या शाईत, रेघा मारून केलेले रकाने: तारीख, किलोमीटर, काम, रुपये. १४ ऑगस्ट २०१९च्या ओळीत लिहिलंय, "टोचन करून गॅरेजला. चावी फिरवली नाही. बॅटरी आधी काढली." ताई, ही ओळ म्हणजे तुमच्या गाडीचं सगळ्यात चांगलं प्रमाणपत्र आहे. तुमच्या वडिलांनी ती गोष्ट लपवली नाही, तारखेसकट लिहून ठेवली. ती लपवायचं ओझं तुम्ही का घेता?

पूर जाहिरातीत लिहा, या मतावर मी ठाम आहे. पण लिहिण्याआधी एक काम करा. ओळखीच्या नव्हे, तिऱ्हाईत गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर चढवा आणि खालून बघून घ्या. गालिच्याखालच्या वायरिंगचे जोड आणि तळाचा पत्रा या दोन जागा दाखवायला सांगा, त्यांचे फोटो काढा. पुरानंतर इतके पावसाळे गेले आहेत, काही बिघडायचं असतं तर बहुधा आतापर्यंत दिसलं असतं. तरी कुठे गंज निघाला तर तोही लिहा.

पुराचं लिहिलं की किंमत थोडी कमी येईल का? येईल. काही जण फोनच करणार नाहीत. पण जे करतील त्यांना पुराची गोष्ट आधीच माहीत असेल. सत्तावीस फोन घेण्यापेक्षा असे सात फोन बरे. किंमत पाडायची घाई करू नका आणि 'फिक्स प्राइस'ही काढून टाका. आपल्याकडे मान राखायला दोन-पाच हजार सोडावेच लागतात, ते धरूनच आकडा लिहा. आकडा कसा ठरवायचा? त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, आसपासच्या पासिंगच्या आठ-दहा जाहिराती वहीत उतरवा. ते मागितलेले भाव आहेत, मिळालेले नव्हेत, हे लक्षात ठेवा. मग दोन डीलरांकडे गाडी नेऊन त्यांचा भाव घ्या, तो तुमचा तळ. आणखी एक गोष्ट: २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुन्या गाडीचा भावही खाली येतो. शेजारच्यांनी दोन वर्षांपूर्वी अमुक इतक्याला विकली, हा हिशेब आता धरू नका. वडिलांची गाडी म्हणून तुम्ही मनात जी रक्कम धरली असेल, तीही मला समजते. घेणाऱ्याला मात्र ती दिसत नाही.

तुम्ही जे विचारलंच नाही, त्याची मला पुरापेक्षा जास्त काळजी वाटते. आरसी अजून वडिलांच्या नावावर आहे. म्हणजे 'पेपर क्लिअर' ही ओळ आत्ता खरी नाही. मालक वारल्यावर गाडी वापरत राहायची असेल तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि तीन महिन्यांच्या आत एकतीस नंबरच्या फॉर्मवर वारसाच्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. उशीर झालाय, दंड पडेल, पण काम होतं. मृत्यूचा दाखला, आई आणि भावाचं संमतीचं प्रतिज्ञापत्र, आरसी, विमा, पीयूसी एवढी जुळवाजुळव करा. गाडी १ एप्रिल २०१९च्या आधीची आहे, तेव्हा उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली नसेल तर तीही आधी बसवा, नाहीतर आरटीओत अडून राहाल. गाडीवर जुने ई-चलन आहे का, तेही बघून भरून टाका. एकदा गाडी तुमच्या नावावर झाली की आरसीवर तुम्ही दुसऱ्या मालक दिसाल. मग 'सिंगल हँड' लिहू नका, लोक मोबाइलवर नंबर टाकून मालकांची संख्या बघतात. 'पहिले मालक वडील, वारसाने माझ्या नावावर' असं सरळ लिहा. या वाक्याने कोणी बिचकत नाही, उलट विकायचं कारणही त्यातच कळतं. आणि कारण तर प्रत्येकाला हवंच असतं.

विम्याचं तर आजच बघा. मालक वारल्यावर त्याची पॉलिसी तीन महिने, किंवा तिची मुदत त्याआधी संपत असेल तर तोपर्यंतच चालते. भावाने ऑनलाइन वडिलांच्याच नावावर नूतनीकरण केलंय असं तुम्ही सहज लिहून गेलात. अपघात झाला तर त्या कागदावर दाव्याचे वांधे होऊ शकतात. सहा जणांनी गाडी चालवून बघितली, कुणाला काही झालं नाही हे नशीब. विमा कंपनीशी बोलून पॉलिसी दुरुस्त होईपर्यंत कुणालाही चावी देऊ नका.

विकल्यानंतरही हीच काळजी घ्या. मालकी बदलाच्या एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मवर सह्या करून गाडी दिली म्हणजे सुटलो, असं लोक समजतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट केलं आहे की आरसीवर ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची, मधे गाडी कितीही हातांतून गेलेली असो. म्हणून सह्या करून कोरे फॉर्म कुणाच्या हातात देऊ नका. घेणाऱ्यासोबत स्वतः अर्ज भरा, पावती घ्या, आणि नवीन नाव चढेपर्यंत पाठपुरावा करा. गाडी सोपवल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्यांचा कागद करा.

डीलरचा पर्याय मी वाईट म्हणत नाही. आईकडे बघून, शाळा सांभाळून तुम्हाला रोज माणसं दारात नको असतील, तर चार पैसे कमी घेऊन तो मार्ग धरा. फक्त आरटीओकडे नोंदलेल्या डीलरकडेच जा. १ एप्रिल २०२३पासून अशा डीलरला गाडी दिली की एकोणतीस-सी फॉर्मवर ऑनलाइन कळवायचं असतं, आणि मग विकेपर्यंत गाडीची जबाबदारी त्याच्यावर राहते. ती नोंद झाल्याचं बघूनच घरी या. पुराचं त्यालाही सांगा. आणि वारसाचे कागद तिथेही लागणारच आहेत, त्यातून सुटका नाही.

स्वतः विकणार असाल तर जाहिरात अशी लिहा. शब्द तुमचे घाला, पण एवढं त्यात असू द्या:

"वॅगनआर पेट्रोल, २०१४, एमएच-१० पासिंग, नोंदणी २०२९ पर्यंत. ६१ हजार किमी. पहिले मालक वडील, वारसाने माझ्या नावावर. गाडीवर बोजा नाही, चलन बाकी नाही. सीएनजी किट नाही. पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिसची हस्तलिखित वही आहे. ऑगस्ट २०१९च्या पुरात पाणी गालिच्यापर्यंत आलं होतं, सीटच्या खाली राहिलं. गाडी चालू न करता टोचन करून नेली, गालिचे बदलले. त्या कामाची बिलं आणि आत्ताचे खालून काढलेले फोटो आहेत. मिस्त्री घेऊन या, रॅम्पवर चढवून बघा. घरात वापर नाही म्हणून देत आहोत."

फोटो बारा-पंधरा तरी टाका. सकाळच्या उजेडात चारही बाजू, इंजिन चालू असतानाचा मीटर (त्यात धोक्याचे दिवे विझलेले दिसतात), डिक्कीतली स्टेपनीची जागा, आणि टायर. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तो भाग जवळून दिसू द्या, जाणकार तोच बघतो. ओरखडे असतील तर त्यांचेही जवळून फोटो घ्या. इंजिन शाम्पूने धुऊन चकचकीत करू नका, धुतलेलं इंजिन बघून मिस्त्रीच्या मनात तेलगळतीचा संशय येतो. लोक बघायला येणार त्या सकाळी गाडी आधी चालू करून ठेवू नका. जाणता माणूस आल्या आल्या बोनेटवर हात ठेवतो, आणि तो गार लागला की निम्मं काम होतं. सीटबेल्ट त्याने ओढायच्या आधी तुम्हीच शेवटपर्यंत ओढून दाखवा. आरसीचा पूर्ण फोटो मात्र इंटरनेटवर टाकू नका. चेसिस नंबर आणि पत्ता समोरासमोर दाखवायच्या गोष्टी आहेत.

एकट्या असताना चालवून बघायला देऊ नका. लायसन्सचा फोटो घ्या, कुणाला तरी सोबत बसवा. 'मी लष्करात आहे, गाडी न बघताच घेतो, हा क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील' असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे घ्यायला कधीच काही स्कॅन करावं लागत नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्यात बसत नाही, तेव्हा व्यवहार बँकेतून करा आणि पैसे खात्यात दिसल्यावरच चावी द्या. विसार घेतला तर त्याची पावती करा, किती दिवसांत उरलेली रक्कम द्यायची ते त्यावर लिहा. पितृपक्षात फोन थंडावतील, त्याने धीर सोडू नका. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत लोक पुन्हा विचारू लागतात. तोवर वारसाचं काम उरकून घ्या.

पुराचं विचारणाऱ्या त्या तिघांपैकी कुणाचा नंबर अजून फोनमध्ये असेल, तर मी तुमच्या जागी असते तर त्यांना फोन केला असता. 'त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं, गाडीला पाणी लागलं होतं, बिलं आणि नोंदी आहेत, बघायच्या असतील तर या,' एवढंच. ते येतील असं मी म्हणत नाही.

आणि वहीचं. घेणारा ती मागेल, कारण अशी वही सहसा बघायला मिळत नाही. सर्व्हिसच्या पानांची झेरॉक्स काढून आरसीच्या फाइलमध्ये लावून द्या. मूळ वही तुमच्याकडे ठेवा. तुम्ही लिहिलंय की मागच्या पानांवर त्यांनी प्रत्येक प्रवासात गाडीत कोण कोण बसलं होतं त्यांची नावं लिहून ठेवली आहेत. त्या पानांची झेरॉक्स द्यायची गरज नाही.